साध्या पिकअपला पॉवर विंडो आणि सेंट्रल लॉक कसं बसवायचं? संपूर्ण माहिती

बोलेरो पिकअपसारख्या मालवाहू गाडीचं बेस व्हेरिएंट घेतलं की दारात दोनच गोष्टी मिळतात: काच फिरवायचं हँडल आणि हाताने दाबायचा लॉकचा खटका. गाडी हप्त्यावर घेतलेली असते, वरच्या व्हेरिएंटसाठी जास्त पैसे मोजणं प्रत्येकाला शक्य नसतं. मग काही महिन्यांनी प्रश्न पडतो, की हे बाहेरून बसवता येईल का?

थोडक्यात उत्तर: हो, येतं. १२ व्होल्टच्या जवळजवळ कुठल्याही पिकअपला पॉवर विंडो आणि सेंट्रल लॉक बसवता येतं. पण हे काम सीट कव्हर घालण्याइतकं सोपं नाही. यात बॅटरीपासून दारापर्यंत नवी वायर ओढावी लागते, आणि ती चुकीची ओढली तर ज्या गाडीवर घर चालतं तीच पेटू शकते. म्हणून तुम्ही स्वतः करणार असाल किंवा वायरमनकडून करून घेणार असाल, तरी आत काय चालतं हे माहीत असायला हवं. चला तर मग, एक-एक करून समजून घेऊया.

पॉवर विंडो म्हणजे नेमकं काय?

दाराच्या पत्र्याच्या आत काच वर-खाली करणारी एक यंत्रणा असते. तिला इंग्रजीत रेग्युलेटर म्हणतात, आपल्याकडे गॅरेजमध्ये 'काचेचं मशीन' म्हणतात. साध्या गाडीत हे मशीन हँडलने फिरतं. पॉवर विंडोत हँडलच्या जागी एक छोटी डीसी मोटर येते, बस एवढाच फरक.

या मोटरची दोन वैशिष्ट्यं लक्षात ठेवा.

१) दिशा कशी बदलते? मोटरला फक्त दोन वायर असतात. एका वायरला प्लस आणि दुसरीला अर्थ दिलं की काच वर जाते. उलटं केलं की खाली येते. स्विचचं काम एवढंच, की या दोन वायरची अदलाबदल करायची.

२) काच आपोआप खाली का येत नाही? मोटरच्या पुढे वर्म गिअर असतो, म्हणजे स्क्रूसारखा दाता आणि त्याला लागून फिरणारं चक्र. स्क्रू चक्राला फिरवू शकतो, पण चक्र स्क्रूला फिरवू शकत नाही. त्यामुळे बाहेरून कोणी काच दाबली तरी ती सहज खाली सरकत नाही.

सेंट्रल लॉक कसं काम करतं?

प्रत्येक दारात एक अॅक्च्युएटर बसतो. हा प्लास्टिकच्या डबीतला छोटा मोटर असतो आणि त्यातून एक दांडी साधारण २ सेंटिमीटर आत-बाहेर होते. ही दांडी लॉकच्या मूळ सळईला जोडली की खटका विजेवर वर-खाली होतो.

किटमध्ये दोन प्रकारचे अॅक्च्युएटर मिळतात:

- पाच वायरचा (मास्टर): हा ड्रायव्हरच्या दारात बसतो. दोन वायर मोटरच्या, तीन वायर आतल्या स्विचच्या. तुम्ही किल्लीने दार लॉक केलं की हा स्विच कंट्रोल युनिटला सांगतो, 'दुसरं दारही बंद कर.'
- दोन वायरचा (स्लेव्ह): हा दुसऱ्या दारात. फक्त हुकूम पाळतो.

कंट्रोल युनिट अॅक्च्युएटरला साधारण अर्धा ते एक सेकंदच करंट देतं. म्हणून लॉकच्या वायरमधून विंडोएवढा सततचा भार जात नाही. रिमोट असलेलं किट घेतलं तर त्याच युनिटमध्ये रिमोटचा रिसिव्हर असतो.

बाजारात बहुतेक किट चार दारांच्या कारसाठी असतात. सिंगल केबिन पिकअपला दोनच अॅक्च्युएटर लागतात. उरलेले दोन फेकू नका; हा भाग सगळ्यात आधी खराब होतो, तेव्हा स्पेअर म्हणून कामाला येतील.

आधी ठरवा: दोन्ही हवंय की एकच?

पैसे मोजके असतील तर दोन्ही एकदम करायची गरज नाही. जरा विचार करा. सिंगल केबिनमध्ये ड्रायव्हरच्या बाजूचं हँडल हाताजवळच असतं. फास्टॅग सक्तीचा झाल्यापासून टोलवर काच खाली घ्यायची वेळही कमी येते. खरी अडचण डाव्या काचेची असते. सीट बेल्ट लावलेला असताना तिथपर्यंत हात पोहोचत नाही, पाऊस आला तर गाडी बाजूला घ्यावी लागते, आणि चालत्या गाडीत वाकून हँडल फिरवणं तर अगदीच धोक्याचं.

दुसरी अडचण डाव्या दाराच्या लॉकची. मार्केट यार्डात माल उतरवताना ड्रायव्हर मागे असतो आणि केबिनमध्ये मोबाईल, पावत्या, रोख रक्कम असते. ड्रायव्हरचं दार लॉक केलं पण डावं राहिलं, असं घाईत सहज होतं.

म्हणून एकट्याने गाडी चालवणाऱ्यासाठी हा क्रम शहाणपणाचा: पहिलं सेंट्रल लॉक, दुसरी डाव्या बाजूची पॉवर विंडो, तिसरी उजवी.

किट कोणतं घ्यायचं?

पॉवर विंडोचे दोन पर्याय असतात.

पर्याय १: हँडलच्या दांड्यावर बसणारं युनिव्हर्सल किट. मूळ मशीन तसंच राहतं. हँडल काढून त्याच्या दातेरी दांड्यावर मोटरचा अडॅप्टर बसवतात. स्वस्त पडतं, दारात फार मोडतोड नाही. पण मूळ मशीन जुनं आणि जड फिरणारं असेल तर मोटरवर ताण येतो.

पर्याय २: मोटरसकट पूर्ण मशीन. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला पॉवर विंडो येत असेल, तर त्याच दाराचं मशीन मागवता येतं. दार तेच असेल तर बोल्टची छिद्रंही जुळण्याची शक्यता जास्त. महाग पडतं, पण टिकतं. घेण्याआधी आपल्या गाडीचा चासी नंबर देऊन पार्ट जुळतो का हे दुकानदाराकडून पक्कं करून घ्या.

पुण्यातल्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात वापरलेली मशीनंही मिळतात. जुनं घ्यायचं असेल तर दुकानातच १२ व्होल्टच्या बॅटरीवर दोन्ही दिशांना चालवून बघा. करकर आवाज आला किंवा मध्येच अडकलं तर घेऊ नका.

महत्त्वाचं: मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. त्या गाडीला १२ व्होल्टचं किट लावलं तर मोटर आणि युनिट जळेल. खरेदीआधी बॅटरी बघा.

हाताने तपासा, मगच खर्च करा

किट आणण्याआधी एक साधी टेस्ट करा. काच हँडलने पूर्ण वर-खाली फिरवा. एका बोटाच्या जोरावर फिरत नसेल तर आधी काचेच्या कडेचं रबर साफ करा आणि त्यावर सिलिकॉन स्प्रे मारा. मशीनच्या सांध्यांना ग्रीस लावा. ऑइल किंवा ग्रीस रबरावर लावू नका, रबर फुगतं आणि धूळ चिकटते.

लॉकचंही तसंच. खटका हाताला जड लागत असेल तर अॅक्च्युएटरलाही तो जडच जाणार. मोटर लावल्याने जुना दोष जात नाही, उलट मोटरच लवकर जाते.

वायर किती जाड हवी? छोटं गणित

बहुतेक चुका इथे होतात, म्हणून हा भाग नीट वाचा.

काच चालताना विंडो मोटर साधारण ५ ते १० अँपिअर घेते. काच वर जाऊन अडली आणि तुम्ही स्विच दाबूनच ठेवला, तर हाच करंट २० अँपिअर किंवा त्याहून वर जातो.

आता समजा बॅटरीपासून डाव्या दारापर्यंत ५ मीटर तांब्याची वायर लागली. करंट १० अँपिअर धरला तर:

- ०.७५ चौरस मिमी वायर: साधारण १.१५ व्होल्ट वाटेतच जातात.
- १ चौरस मिमी वायर: साधारण ०.८६ व्होल्ट जातात.
- २.५ चौरस मिमी वायर: साधारण ०.३४ व्होल्ट जातात.

बारीक वायरने काच हळू चढते, हा एक तोटा. दुसरा तोटा जास्त गंभीर आहे. काच अडून करंट २० अँपिअर झाला, तर ०.७५ च्या वायरमध्ये सुमारे ४६ वॉट उष्णता तयार होते. २.५ च्या वायरमध्ये तीच सुमारे १४ वॉट. कार्पेटखाली दाबलेली वायर तापून तिचं प्लास्टिक वितळायला लागतं ते असं.

म्हणून विंडोच्या मुख्य सप्लायला २.५ चौरस मिमीची, गाडीसाठी बनवलेली बारीक तारांची वायर घ्या. घराच्या फिटिंगची एकतारी वायर वापरू नका, ती हादऱ्याने तुटते. किटसोबत येणारी वायर बारीक वाटली तर ती बदला.

फ्यूज आणि रिले: इथे काटकसर नको

फ्यूज मोटरला वाचवण्यासाठी असतो असं अनेकांना वाटतं. खरं तर फ्यूज वायरला वाचवतो. त्यामुळे तो बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, साधारण एक वीतभर अंतरात. फ्यूज डॅशबोर्डखाली लावला, तर बॅटरी ते डॅशबोर्ड या भागात वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तरी तो उडणार नाही.

- दोन विंडोंसाठी: २.५ चौरस मिमी वायरवर २० किंवा २५ अँपिअरचा फ्यूज.
- सेंट्रल लॉकसाठी: वेगळा १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज.

फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज टाकू नका. का उडतोय ते शोधा.

रिले कशासाठी? विंडोचा करंट थेट इग्निशन स्विचमधून नेला तर स्विचचे आतले पॉइंट जळतात. रिले लावला की इग्निशनमधून फक्त छोटा इशारा जातो, मोठा करंट रिलेमधून जातो. चार पिनांच्या साध्या रिलेची जोडणी अशी:

- ३०: बॅटरीचा प्लस (फ्यूजमधून)
- ८७: विंडो स्विचकडे जाणारी वायर
- ८६: इग्निशन चालू असताना १२ व्होल्ट येणारी वायर
- ८५: अर्थ

विंडो इग्निशनवर, लॉक थेट बॅटरीवर

हा नियम विसरू नका. लॉक गाडी बंद असतानाच जास्त लागतं, म्हणून त्याचं युनिट फ्यूजमधून थेट बॅटरीला जोडायचं.

विंडो मात्र इग्निशन बंद झालं की बंदच पडायला हवी. कारण एकच: लहान मुलं. गाडी उभी आहे, बाप माल उतरवतोय आणि पोरगं केबिनमध्ये काचेतून डोकं बाहेर काढून गुडघ्याने स्विचवर उभं आहे, हा प्रसंग कल्पनेतला नाही. जगभरात अशा अपघातांत मुलांचे जीव गेले आहेत. अमेरिकेत यासाठी एफएमव्हीएसएस ११८ हा वेगळा सुरक्षा नियम आहे. आधुनिक गाड्यांत काच वर घेण्यासाठी स्विच वर ओढावा लागतो, दाबला तर काच खालीच जाते. त्यामागचं कारणही हेच.

स्वस्त युनिव्हर्सल किटमध्ये काच अडली की आपोआप मागे फिरण्याची सोय सहसा नसते. म्हणून शक्य असेल तर ओढायचे स्विच निवडा, आणि गाडीतून उतरताना किल्ली सोबत घ्या.

बसवण्याच्या पायऱ्या

१) बॅटरीची मायनस वायर आधी काढा. काम संपेपर्यंत लावू नका. हातात जाड मोजे घाला, दाराच्या आतला पत्रा ब्लेडसारखा कापतो.

२) हँडल, आर्मरेस्ट आणि मग दाराचं पॅड काढा. आत पातळ प्लास्टिकचा पडदा दिसेल. तो फाडू नका. पावसाचं पाणी काचेच्या फटीतून दारात उतरतंच, हा पडदा ते केबिनमध्ये येऊ देत नाही.

३) पूर्ण मशीन बदलणार असाल तर काच वर करून दाराच्या चौकटीला मजबूत चिकटपट्टीने बांधा. नाही तर बोल्ट सुटताच काच खाली आपटते.

४) मोटर बसवा. बसवताना काच पूर्ण खाली आल्यावर ती मोटरला किंवा वायरला घासते का, हे डोळ्यांनी बघा.

५) अॅक्च्युएटर लॉकच्या सळईला समांतर बसवा. दोन्ही दांड्या एका रेषेत चालल्या पाहिजेत. तिरका बसला तर अडकतो. स्क्रू कसण्याआधी खटका हाताने दहा वेळा वर-खाली करून बघा.

६) दार आणि केबिन यांच्यामधून वायर नेताना रबरी बूट लावाच. उघड्या भोकातून वायर नेली तर पत्र्याची धार काही महिन्यांत तिचं प्लास्टिक कापते. दार पूर्ण उघडल्यावर वायर ताणली जाऊ नये आणि बंद केल्यावर चिमटू नये, एवढी ढील ठेवा. बुटाच्या आधी वायरला खाली झोल द्या, म्हणजे पाणी वायरवरून आत न जाता तिथेच गळेल.

७) अर्थ गाडीच्या पत्र्याला देताना रंग खरवडून स्वच्छ धातूवर बोल्टने कसा. वरून थोडं ग्रीस लावा, गंज धरणार नाही.

८) जोड पिळून नुसती टेप मारू नका. क्रिंप करा किंवा सोल्डर करून हीट श्रिंक नळी चढवा. उन्हात टेपचा गोंद सुटतो.

९) वायरचे रंग किटप्रमाणे बदलतात. किटच्या आकृतीवर जा, यूट्यूबवर दुसऱ्याच किटचे रंग बघून जोडू नका.

१०) पॅड लावण्याआधी बॅटरी जोडून सगळं तपासा. दार उघडं असताना लॉकची पहिली टेस्ट करा आणि किल्ली खिशात ठेवा. किल्ली आत आणि दारं बंद, ही फजिती टाळा.

नव्या गाडीत पिवळं आवरण असलेल्या वायर दिसल्या तर त्यांना हात लावू नका. त्या एअरबॅगच्या असतात. टेस्ट लॅम्प तर मुळीच लावू नका.

काही बिघडलं तर?

- काच एकाच दिशेने जाते: मोटर ठीक आहे. स्विच किंवा त्याची एक वायर तपासा.
- डावी काच डाव्या स्विचने चालत नाही: अनेक जोडण्यांत डाव्या स्विचला लागणारा अर्थ ड्रायव्हरच्या स्विचमधून येतो. दोष उजव्या दारातही असू शकतो.
- काच चालता-चालता थांबते, दहा मिनिटांनी पुन्हा चालते: मोटर तापून तिचं संरक्षण लागलं. रबर घट्ट आहे का बघा.
- लॉक उलटं चालतं: त्या अॅक्च्युएटरच्या मोटरच्या दोन वायर आपसात बदला.
- दार उघडलं की काच बंद पडते: दाराच्या सांध्यातली वायर आतून तुटली आहे.

वॉरंटी, विमा आणि आरटीओ

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातल्या नोंदींशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. काचेची मोटर किंवा दाराचं लॉक याने आरसीवरची कुठलीच नोंद बदलत नाही.

वॉरंटी मात्र वेगळी गोष्ट. मूळ वायरिंग कापून जोड दिला, तर विजेच्या बिघाडाचा दावा कंपनी नाकारू शकते. म्हणून गाडी वॉरंटीत असेल तर आधी डीलरला विचारा, शक्यतो लेखी घ्या. वरच्या व्हेरिएंटचे पार्ट डीलरकडेच बसवून मिळत असतील तर थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

विम्यातही बाहेरून बसवलेली विजेची उपकरणं आपोआप धरली जात नाहीत. त्यांच्यासाठी आयएमटी २४ नावाची वेगळी जोड असते. बिल जपून ठेवा आणि नूतनीकरणाच्या वेळी विमा कंपनीला कळवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बॅटरी उतरली तर गाडी उघडेल का?
हो. ड्रायव्हरच्या दाराचं किल्लीचं कुलूप तसंच राहतं. विजेची दांडी फक्त त्याला जोडलेली असते. म्हणून रिमोट आला तरी किल्ली घरी ठेवू नका.

बॅटरी किंवा अल्टरनेटर मोठा लागेल का?
नाही. काच काही सेकंदच चालते. बॅटरी चांगली असेल तर फरक पडत नाही.

स्वतः करू की वायरमनकडे जाऊ?
मल्टिमीटर वापरता येत असेल आणि एक पूर्ण दिवस हाताशी असेल तर सेंट्रल लॉक स्वतः करता येतं. विंडोचं काम पहिल्यांदा जाणकाराकडून करून घेतलेलं बरं.

वायरमनला कोणते प्रश्न विचारू?
हे चार विचारा: फ्यूज कुठे लावणार? वायर किती जाडीची? विंडोला रिले आहे का? दाराच्या सांध्याला रबरी बूट घालणार का? पटापट उत्तर आलं तर काम द्या. 'त्याची काय गरज, थेट जोडू' असं म्हणाला, तर दुसरा वायरमन शोधा. मजुरीत वाचलेले पैसे पहिल्याच शॉर्ट सर्किटमध्ये दुपटीने जातात, आणि गाडी गॅरेजला उभी राहिली तरी हप्ता काही थांबत नाही.